मुलगा येरवड्यात, सुटल्यावर नोकरीचं काय?

प्रश्न: मुलाला शिक्षा झालीय, सुटायला दीड वर्ष आहे. बारावी झालाय. आम्ही आत्तापासून काय करावं?

उत्तर १: शिक्षण आतच सुरू होऊ द्या. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रं काही कारागृहांत आहेत. त्याने तिथल्या शिक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा. सुतारकाम, शिवणकाम केलं असेल तर तसा दाखला सुटायच्या आधीच मागावा, नंतर हेलपाटे पडतात.

उत्तर २: नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये शिक्षा लपवू नका, हात जोडून सांगतो. अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलंय: माहिती खरी हवी. खरं सांगूनही मालक नाकारू शकतो, पण लपवलेलं उघडलं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. निकालपत्राची प्रमाणित प्रत जवळ ठेवा.

उत्तर ३: आधार, मार्कशीट, बँक पासबुक एका फाइलीत लावा. आणि भेट चुकवू नका; लांब असाल तर ई-मुलाकातवर (कैद्याला व्हिडिओवरून भेटायची ऑनलाइन सोय) नोंदणी करा.