'गाडी चालवू नका' असं पत्र आलं तर मालकाने काय करावं?

तिसरा_गिअर (न्यू जर्सी)

रविवारी एका मित्राच्या गराजमध्ये विषय निघाला, चहा संपला, पोहे संपले, वाद काही संपेना, म्हणून इथे टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०१४ मध्ये पोर्शे या जर्मन स्पोर्ट्स कार कंपनीने नव्या ९११ जीटी३ च्या मालकांना कळवलं की गाडी जिथे आहे तिथेच उभी करा, चालवू नका, आम्ही येऊन घेऊन जातो. युरोपात दोन गाड्या इंजिनातून पेटल्या होत्या. मार्चमध्ये कारण बाहेर आलं. कॉनरॉडचा (पिस्टनला क्रॅंकशी जोडणारा दांडा) स्क्रू ढिला होत होता, रॉड सुटून आतूनच क्रॅंककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फोडत होता आणि बाहेर आलेलं तेल पेट घेत होतं. मग कंपनीने ७८५ च्या ७८५ गाड्यांची अख्खी इंजिनं बदलली, नुसते स्क्रू नाहीत.

दुसरी केस पोर्शेच्याच करेरा जीटीची. २००३ ते २००६ मध्ये फक्त १२७० बनल्या. २०२३ मध्ये मालकांना पत्र, सस्पेन्शनच्या विशबोनमधले (चाक धरून ठेवणारा हात) बॉल जॉइंट गंजून तडकू शकतात, चालवू नका. एकट्या अमेरिकेत ४८९ गाड्या. पण इथे लगेच बसवायला पार्टच तयार नव्हते, वीस वर्षं जुनी गाडी, तिचे जॉइंट काय शेल्फवर पडलेले असतात? मालक बसले गाडीकडे बघत.

माझं मत सरळ आहे. पत्र आलं की किल्ली खुंटीला. पण त्याच पत्रात कंपनीने तारीख लिहिली पाहिजे, पार्ट कधी येणार आणि तोवर महिन्या-महिन्याला आम्हाला काय कळवणार. नुसतं 'चालवू नका' म्हणजे डॉक्टरने 'खाऊ नका' सांगून कधीपर्यंत ते न सांगता निघून जाण्यासारखं झालं.

कोल्हापुरी_टर्बो

असहमत. लई असहमत.

७८५ मधल्या दोन पेटल्या म्हणजे पाव टक्का. एवढ्यावर सगळ्यांना घरी बसवायचं? असली गाडी घेणारा माणूस ट्रॅकवर अडीचशेच्या पुढे जातो तेव्हा त्याला रिस्क काय ते कळत नाय व्हय? रिकॉलचं, म्हणजे दोषासाठी गाडी परत बोलावण्याचं, पत्र वकील लिहितो भावा, इंजिनिअर नाही लिहीत. उद्या काही झालं तर 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला कागद हवा म्हणून पत्र. मी असतो तर तेल चेक केलं असतं, फायर एक्स्टिंग्विशर टाकला असता सीटमागे आणि चालवली असती, जरा जपून.

पाना_नंबर_१३ (चाकण)

टर्बोभाऊ, मी स्वतः वीस वर्षं इंजिनच्या लाइनवर काढलीत म्हणून बोलतो. पाव टक्का हा हिशोब कारखान्यातून निघालेल्या एकूण गाड्यांवर आहे, त्यातल्या कितीतरी अजून शोरूममध्येच होत्या आणि ज्या विकल्या गेल्या त्या जेमतेम काही महिने पळालेल्या. म्हणजे पोरगं अजून रांगत होतं आणि तेवढ्यात दोघांचे पाय मोडले. पळायला लागल्यावर काय झालं असतं ते बघायचं राहिलंय.

दुसरं म्हणजे हे इंजिन ९००० आरपीएमला जातं, म्हणजे सेकंदाला १५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा थांबून उलटा फिरतो. वरच्या टोकाला तो परत खाली ओढताना सगळा ताण त्या दोन स्क्रूंवर येतो. ते ढिले झाले की आवाज येईल, लाइट लागेल, आपण बाजूला घेऊ असं काही नसतं. रॉड थेट ब्लॉकमधून बाहेर येतो. ट्रकचा रॉड बाहेर आलेला बघितलाय मी, हायवेवर शंभर फूट तेलाचा पट्टा आणि भोकातून आत हात जाईल एवढी जागा. जपून चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं ते सांगा. आणि सीटमागचा एक्स्टिंग्विशर मागच्या इंजिनाला कसा लागणार तेही.

'स्क्रूच बदलायचा ना, अख्खं इंजिन कशाला' असंही लोक विचारतात. अहो एकदा ढिल्या स्क्रूवर फिरलेला रॉड, त्याचं बेअरिंग, क्रॅंक, कशालाच हात लावून गॅरंटी देता येत नाही. खोलून, मोजून, परत बांधण्यापेक्षा नवीन टाकलेलं बरं. महाग काम पण शहाणपणाचं.

मूळ_नंबर (मुंबई)

सेफ्टी वगैरे सगळं मान्य, पण एका गोष्टीवर कोणी बोलत नाहीये. इंजिन बदललं म्हणजे गाडी मूळची राहिली का? जुन्या गाड्यांच्या बाजारात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळणं यावरच किंमत ठरते. उद्या तीस वर्षांनी हीच जीटी३ लिलावाला आली तर 'इंजिन बदललेलं' असा शेरा पडणार. मालकाचा काय दोष? मी असतो तर जुनं इंजिन क्रेटमध्ये घालून मागितलं असतं.

तिसरा_गिअर

@मूळ_नंबर, ७८५ च्या ७८५ बदलली की मग मूळ कशाला म्हणणार? सगळ्या वर्गाचे पेपर परत तपासले तर एकट्याचा नंबर कसा जाईल. उलट आज जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतो इंजिन बदलल्याचा कागद आहे का. शिवाय पुढे त्याच इंजिनात कॅम आणि फिंगर फॉलोअर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) झिजण्याच्या तक्रारी आल्या तेव्हा पोर्शेने इंजिनची वॉरंटी १० वर्षं आणि १,२०,००० मैलांपर्यंत वाढवून दिली. म्हणजे त्या इंजिनाची पीडा स्क्रूवर संपली नव्हतीच. न बदललेलं पहिलं इंजिन क्रेटमध्ये ठेवून पूजा करायची का?

मूळ_नंबर

पूजा नाही हो, पुरावा. असो, आपलं जमायचं नाही.

रात्रपाळी

करेरा जीटी म्हटलं की मला तो हॉलिवूड नट पॉल वॉकरचा अपघात आठवतो, २०१३ चा. हाच फॉल्ट होता म्हणजे तेव्हा? दहा वर्षं दाबून ठेवलं का कंपनीने?

पाना_नंबर_१३ (चाकण)

नाही, हे जोडू नका. त्या अपघाताच्या तपासात गाडीत आधीपासूनचा यांत्रिक दोष सापडला नव्हता. वेग ताशी ८० ते ९३ मैल निघाला, तिथली मर्यादा ४५ ची, आणि टायर नऊ वर्षं जुने होते. २०२३ चा विषय गंजाचा आहे, वेगळा. कंपनीला शिव्या द्यायच्या तर खऱ्या कारणासाठी द्या.

(टायरचं मात्र प्रत्येकाने मनावर घ्या. कमी चालणाऱ्या गाडीचं रबर नक्षी शाबूत असतानाच म्हातारं होतं. बाजूला चार आकडे छापलेले असतात, आठवडा आणि वर्ष.)

सईची_आई

मला गाड्यांतलं काही कळत नाही, नवऱ्याला कळतं आणि म्हणून आमच्या घरात एक दोन सीटर खेळणं आहे. टर्बोदादांना एवढंच विचारते, 'रिस्क माझी' म्हणताय तर दुसऱ्या सीटवर कोण बसतं? आमच्याकडे मुलगी बसते. तिला कोणी पत्र पाठवलं होतं का? आणि समोरून स्कूटरवर येणाऱ्याला? विशबोन तुटलं तर गाडी कुठल्या बाजूला जाईल ते मालक ठरवणार आहे का?

कोल्हापुरी_टर्बो

ताई, हा मुद्दा मान्य. एकटा असेन तरच चालवेन. स्कूटरवाल्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तरी माझा राग कायम आहे आणि तो ह्या करेरा जीटीवाल्यांसाठी आहे. जीटी३ ला महिन्याभरात कारण सापडलं कारण गाडी चालू मॉडेल होती, शोरूम अडकले होते, इज्जत जात होती. जुन्या गाडीला कोण विचारतो? करोडोंची गाडी, वरून इन्शुरन्स चालू, आणि मालक गराजमध्ये स्टूल टाकून तिच्याकडे बघत बसलेला. ह्याला काय म्हणायचं?

श्वाबेनकर (स्टुटगार्ट)

थोडी कायद्याची बाजू मांडतो, कारण देशागणिक फरक आहे.

इकडे जर्मनीत क्राफ्टफार्ट-बुंडेसआम्ट म्हणून मोटार वाहनांचं सरकारी खातं आहे, फ्लेन्सबुर्गला. गंभीर रिकॉल असेल आणि मालक गाडी दाखवतच नसेल तर शेवटी तुमच्या जिल्ह्याचं नोंदणी ऑफिस गाडी रस्त्यावर आणायला बंदी घालू शकतं. म्हणजे 'माझी गाडी, माझी मर्जी' इथे एका हद्दीपर्यंतच.

अमेरिकेत उलटं. रिकॉलची दुरुस्ती बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही, ३५ पेक्षा जास्त गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांना ती भाड्याने देता येत नाही, पण खाजगी माणसाने चालवली किंवा शेजाऱ्याला विकली तर केंद्राचा कायदा काही म्हणत नाही. अजून एक, फुकट दुरुस्तीची सक्ती तिथे पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंतच. करेरा जीटी त्याच्या कधीच पलीकडे गेलेली. तरी कंपनी स्वतःच्या खर्चाने करतेय, तेव्हा टर्बोरावांनी निदान तेवढं तरी खात्यावर जमा धरावं.

आणि वकिलाचं पत्र म्हणालात, सगळीच पत्रं तशी नसतात. २०१० मध्ये फेरारी ४५८ पेटत होत्या, कारण काय तर चाकाच्या कमानीतलं हीट शील्ड चिकटवायचा गोंद तापून पेट घ्यायचा. १२४८ गाड्या परत बोलावल्या, गोंद काढून धातूचे फास्टनर लावले, ज्यांच्या जळल्या त्यांना नवी गाडी. गोंद! एवढ्या मोठ्या नावाच्या गाडीत.

तिसरा_गिअर

आणि ॲस्टन मार्टिनचं २०१४ चं विसरू नका. ॲक्सिलरेटर पेडलचा प्लास्टिकचा हात मोडू शकतो म्हणून १७,५९० गाड्या. शोधत गेले तर चीनमधल्या एका पोटपुरवठादाराने ड्युपाँटच्या नावाखाली नकली प्लास्टिक वापरलेलं. हाताने शिवलेलं लेदर बघून गिऱ्हाईक खूष आणि पायाखाली नकली माल.

गोवा_पासिंग

इथे सगळे अमेरिका-जर्मनी बोलताय, आपल्याकडचं मी सांगतो. माझ्याकडे एक छोटी दोन सीटर आहे, कंपनीचं नाव घेत नाही, तिसऱ्या हाताने घेतलेली. तिला रिकॉल होता हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही टायर बदलताना एका पोराने सहज विचारलं म्हणून. पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं, आणि तो माणूस केव्हाच देश सोडून गेलेला. डीलरला फोन केला तर म्हणे तुमची गाडी आमच्या यादीत नाही. यादीत नाही! चेसिस नंबर वाचून दाखवला चार वेळा. शेवटी परदेशातल्या कस्टमर केअरला मेल टाकली तेव्हा इथला माणूस हलला.

भारतात १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण तो नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. आमच्यासारख्या जुन्या, कमी खपाच्या गाड्यांना कोण विचारणार, आपणच आपलं बघायचं.

म्हणून तिसरा_गिअर, तुमचं तारखेचं म्हणणं बरोबर आहे पण त्याच्या आधीची पायरी पत्ता. ज्याला पत्रच आलं नाही तो किल्ली खुंटीला कशी लावणार?

तिसरा_गिअर

हे डोक्यात आलंच नव्हतं. मी पहिल्या हाताच्या मालकासारखा विचार करत होतो. बरोबर आहे तुमचं.

कोल्हापुरी_टर्बो

मग सेकंडहॅन्ड घेताना काय बघायचं ते तरी सांगा कोणीतरी. भांडण पुरे.

श्वाबेनकर (स्टुटगार्ट)

चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाका, अमेरिकेतून आलेली गाडी असेल तर तिथल्या सरकारी साइटवरही. 'रिकॉल झालाय' असं तोंडी ऐकून सोडू नका, डीलरच्या शिक्क्याचं बिल मागा, शून्य रुपयांचं असलं तरी. आणि मालकी बदलली की कंपनीला आपला पत्ता स्वतः कळवा.

सईची_आई

आमच्या ह्यांनी आत्ताच नंबर टाकला. काही नाही निघालं. पण विचारतायत, समजा निघालं आणि चालवू नका म्हणाले तर वर्कशॉपला न्यायची कशी?

पाना_नंबर_१३ (चाकण)

कंपनीनेच उचलून न्यायची, आधी तेच मागा. नाहीच तर फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फरफटत नेणारा आला तर परत पाठवा. गाडी खाली बसलेली असते, रॅम्पवर पुढचा बंपर घासतो, म्हणून दोन लांब लाकडी फळ्या घरातूनच काढून ठेवा, ड्रायव्हरकडे असतील याच्या भरवशावर राहू नका. बांधताना पट्टा चाकातून घ्या, सस्पेन्शनला हूक लावू देऊ नका. आणि चढवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, तारखेसकट.