किल्ल्यांच्या नोंदींची साइट करायचीय, लॉगिनसकट. कुठून सुरू करू?

गडवाट_बापू
मंडळी, जरा विचारायचं होतं. २००५ च्या आसपास पीएचपी-मायएसक्यूएलमध्ये (वेबसाइटची भाषा आणि तिचा डेटाबेस) बरंच काम केलंय, मग मॅनेजर झालो आणि कोडिंगचा हात सुटला तो सुटलाच. आता ट्रेकच्या ग्रुपसाठी छोटी साइट करायचीय, म्हणजे कुठल्या गडावरच्या टाक्यात कुठल्या महिन्यापर्यंत पिण्याजोगं पाणी असतं, वाट ढासळलीय का, वर मुक्कामाला जागा आहे का, असल्या नोंदी. व्हॉट्सॅपवर सगळं वाहून जातं. वाचायला सगळ्यांना मोकळी, लिहायला मात्र लॉगिन. माणसं पन्नासेक, फार तर दोनशे. पूर्वीसारखं युजर टेबल करून एमडी५ ने (पासवर्डचं न ओळखू येणारं रूप करायची जुनी पद्धत) पासवर्ड ठेवले तर चालतंय का अजून? रिअ‍ॅक्ट वगैरे नवी वेब साधनं शिकायची हौस नाही, खरं सांगतो.

सेमीकोलन
एमडी५ विसरा बापू. डेटाबेस फुटला तर गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ तपासून टाकतं. पासवर्ड सुरक्षित साठवायला आणि तपासायला पीएचपीत ५.५ पासून पासवर्ड_हॅश आणि पासवर्ड_व्हेरिफाय आयते आहेत, आणि तुमची ती mysql वाली जुनी फंक्शनं ७ मध्ये काढूनच टाकली त्यामुळे जुना कोड तसाही हलणार नाही, पीडीओ (डेटाबेसशी बोलायची नवी सोय) आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (युजरने टाकलेला मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवायची पद्धत) वापरा. पण माझं ऐकाल तर लॉगिन हाताने लिहूच नका. लॉगिनसारखे भाग आयते देणारं फ्रेमवर्क घ्या: पीएचपीतच राहायचं तर लारावेल, नाहीतर पायथन शिकून जँगो. जँगोत युजर, सेशन, पासवर्ड रीसेट, वर अ‍ॅडमिनची स्क्रीनसुद्धा फुकटात मिळते. दोनशे माणसांना एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस) भरपूर झालं.

रात्रपाळी
कोड होईल हो, खरी कटकट मेलची आहे. शेअर्ड होस्टिंगवरून सोडलेलं रीसेटचं मेल हमखास स्पॅममध्ये जातं आणि मग लोक तुम्हालाच फोन करतात "लिंक आली नाही". फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या नोंदी) लागतंच, दोन्ही करून टाका, डीएनएसमध्ये दोन ओळींचं काम. एसएमएसच्या ओटीपीच्या नादी लागू नका, त्याला डीएलटी रजिस्ट्रेशन (एसएमएस पाठवणाऱ्यांची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंदणी), टेम्प्लेट मंजूर करून घेणं, छंदाच्या साइटला कोण करत बसणार!

ऱ्हस्वदीर्घ
सेमीकोलन, जँगो सुचवलंत ते ठीक, पण तिथे एक खोच आहे. आपली मंडळी नाव देवनागरीत टाकणार. जँगोची युजरनेमची तपासणी काना-मात्रा-वेलांटीला अक्षरच मानत नाही, "भटक्या" लिहिलं की एरर. आणि ती सैल केलीत तर दुसरंच दुखणं: "दऱ्याखोऱ्या" मधला ऱ्य दोन-तीन प्रकारे टाइप होतो, दिसायला सेम पण कॉम्प्युटरला वेगळा, मग फोनवरून खातं उघडलेला माणूस लॅपटॉपवरून लॉगिन करताना डोकं आपटतो. सरळ ईमेलने लॉगिन ठेवा, दाखवायचं नाव वेगळ्या कॉलममध्ये, त्यात काय हवं ते लिहू दे. हे पहिल्या दिवशीच ठरवा, कारण जँगोत युजर मॉडेल नंतर बदलणं म्हणजे ताप.

गडवाट_बापू
बरं झालं विचारलं. जँगो घेतो, ईमेल लॉगिन. मोबाइल नंबर पण घेऊन ठेवू का, वाटेत कोणी अडकलं तर उपयोगी?

रात्रपाळी
नका घेऊ. जे साठवलं नाही ते फुटणार नाही. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतलं सगळं मूलच, त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती आली, आणि ट्रेकला कॉलेजची पोरं असतातच की. खातं उघडणंही सगळ्यांना खुलं ठेवू नका, ग्रुपवर एक कोड द्या, तो टाकला तरच रजिस्टर. नाहीतर आठवड्याभरात राजगडाच्या पानावर रशियन कॅसिनोच्या जाहिराती.

सेमीकोलन
+१. आणि एसक्यूलाइटची चालू फाइल नुसती कॉपी करू नका, अर्धवट येऊ शकते, त्याची बॅकअप कमांड आहे ती रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालवा, कॉपी दुसऱ्या मशीनवर.