उत्तर: सिमेंट-वाळूच्या मालात तंतू टाकल्यावर तो घट्ट झाला तर पाणी वाढवावे का?

माल घट्ट झाला तर पाणी वाढवा, असं कुणी सुचवलं तरी वाढवू नका. पॉलिप्रॉपिलीनचे (एका प्रकारच्या प्लास्टिकचे) तंतू पाणी पीत नाहीत. ते वाळूच्या कणांना अडवून धरतात, म्हणून माल नुसता घट्ट दिसतो. थापीने हलवला की सुटतो, त्यामुळे माल किती पसरतो एवढंच पाहून पाण्याचं ठरवू नये. जास्तीच्या पाण्याने ताकद घटते आणि आकसून तडे जातात, म्हणजे तंतू टाकण्याचा हेतूच बुडतो. खरंच काम होत नसेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला. काथ्याचं गणित वेगळं, तो पाणी शोषतो. आधी भिजवून निथळून घ्या.

मालात तंतूंचे गोळे होतात ते बहुधा तंतू एकदम ओतल्याने. सिमेंट-वाळू कोरडी मिसळून पाऊण पाणी घाला, तंतू मोकळे करून भुरभुरवा, उरलेलं पाणी शेवटी लागेल तेवढंच. १२ मिमीऐवजी ६ मिमी तंतू पातळ थरात सोपे जातात.