जुन्या गाडीच्या ब्रेकचा दोष आधी शोधावा, की सगळे रबर एकदम बदलावे?

(चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुरावर नावाऐवजी लिहिणाऱ्याचे ठिकाण दिले आहे.)

जांबोटी रस्ता

आमच्याकडे २००३ सालची सँट्रो आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. नोंदणीची १५ वर्षे कधीच उलटली आणि नूतनीकरणही झालेले आहे. अलीकडे गाडी उभी असताना ब्रेकवर हलका पाय ठेवून राहिले, तर पेडल सावकाश खाली जाते आणि सोडून पुन्हा दाबले की वर येते. गाडीखाली थेंब दिसत नाही, चाकांच्या आतल्या बाजूला ओल नाही, तरीही टाकीतल्या ब्रेक ऑइलची पातळी उतरते. बेळगावातल्या एका गॅरेजमध्ये एकही चाक न खोलता मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा), मागचे व्हील सिलिंडर (त्या दाबाने चाकातले लायनर ढकलणारे), होज पाइप (चाकांकडे जाणारे लवचिक रबरी पाइप) आणि लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे) असे सगळेच बदलण्याचा सल्ला मिळाला.

ही पद्धत मला मान्य नाही. पेडल कसे वागते, यावरून दोषाची जागा बरीचशी ठरवता येते. पेडल स्पंजासारखे लागले आणि भराभर दाबल्यावर घट्ट झाले, तर पाइपांत हवा आहे. ते दगडासारखे कडक लागले आणि गाडी थांबायला जोर लावावा लागला, तर बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप तपासावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे आणि पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे असे समजावे. पेडल पहिल्या दाबाला खोल जाते, पण हँडब्रेक दोन-तीन दात ओढल्यावर वरच्यावर लागते, तेव्हा बहुधा मागच्या लायनरचे अंतर वाढलेले असते. आमच्या गाडीत दाब कायम असताना पेडल बुडते आणि बाहेर गळती नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरमधले वायसर (ऑइल अडवणाऱ्या रबरी चकत्या) आतल्या आत ऑइल मागे सोडत आहेत. मग बाकीचे भाग कशासाठी बदलायचे?

तवंदी घाट

दादा, आपले निदान मला पटते, निष्कर्ष पटत नाही. निदान आजच्या दोषाचे होते. आपल्या गाडीतले सगळे रबर एकाच वयाचे असेल, तर मास्टर सिलिंडर नवा बसताच पूर्ण दाब पुन्हा चाकांपर्यंत पोहोचेल आणि आजवर कमी दाबावर कसेबसे तग धरून असलेले व्हील सिलिंडर गळू लागतील. हे मी निपाणी भागातल्या जुन्या गाड्यांत वारंवार पाहिले आहे.

शिवाय आपला रस्ता कोणता आहे, हे विसरू नका. कणकुंबी सोडून चोर्ला घाट साखळीकडे उतरताना ब्रेकवर जो ताण येतो, तो शहरातल्या तपासणीत कधीच दिसत नाही. डॉट ३ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषून त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. उताराला सतत ब्रेक दाबत राहिल्यास ते उकळून पाइपांत वाफ होते, पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थंड झाल्यावर गॅरेजमध्ये सगळे ठीकठाक दिसते. घरची माणसे घेऊन घाट उतरणाऱ्याने एकेक दोष सापडण्याची वाट पाहू नये. सगळे रबर आणि सगळे ऑइल एकदम बदलावे आणि उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.

उद्यमबाग

मूळ निदानातच एक गोष्ट जुळत नाही. आतल्या वायसरवरून मागे गेलेले ऑइल टाकीतच परतते, त्यामुळे पातळी उतरत नाही. पातळी उतरते आहे, म्हणजे ऑइल कुठेतरी बाहेर पडते आहे. पुढचे पॅड झिजले तरी ती थोडी उतरते, परंतु त्याला महिने लागतात. बाहेर थेंब नसताना ऑइल कमी होत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाचा वायसर तपासावा, कारण तिथून गळलेले ऑइल जमिनीवर न पडता बूस्टरच्या डब्यात साचते. मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट सोडून तो पाइपांना ताण न देता अलगद पुढे घ्यावा आणि सांध्यात बोट फिरवावे. तिथे ओल लागली तर प्रश्न मिटला. मागचा वायसर आणि दाब धरणारा वायसर एकाच पिस्टनवर असतात, त्यामुळे पेडल बुडणे आणि पातळी उतरणे ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसणे स्वाभाविक आहे.

मी आयुष्यभर लेथवर काम केले, म्हणून आणखी एक सांगतो. नुसते रबर किट टाकण्यापूर्वी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून नख फिरवा. गंजाचे खड्डे नखाला अडले, तर नवे वायसरही तिथे लवकरच कापले जातील. तेव्हा सिलिंडर पूर्णच बदलावा.

खानापूर स्टेशन रोड

काकांनी गंजाचा मुद्दा काढला, तो आमच्या तालुक्यात फार महत्त्वाचा आहे. इथला पाऊस आणि महिनोन् महिने घरासमोर उभी असलेली गाडी, या दोन्हींमुळे ऑइलमध्ये पाणी शिरते आणि पिस्टन रोज जिथवर जात नाही, त्या भागात गंज धरतो. अशा गाडीची हवा काढताना मदतनीस पेडल तळापर्यंत दाबतो, वायसर त्या गंजावरून घासले जातात आणि तोवर चांगला असलेला मास्टर सिलिंडर त्याच दिवशी निकामी होतो. हवा काढण्याआधी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे पेडल नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणार नाही. सरसकट सगळे बदलणाऱ्यांकडून ही काळजी क्वचितच घेतली जाते.

जांबोटी रस्ता

काका, पातळीबद्दलची आपली दुरुस्ती अगदी योग्य आहे. बूस्टरचा सांधा उद्याच पाहतो. परंतु तवंदी घाट यांना माझा प्रश्न आहे. समजा टाकीत कधीतरी कोणी ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओतले असेल, तर त्याने हे रबर फुगते, आणि टाकीच्या झाकणाखालचे रबर फुगलेले दिसणे ही त्याची सहज ओळखता येणारी खूण आहे. हे न पाहता सगळे नवे रबर बसवले आणि जुने तेल पाइपांत तसेच राहिले, तर नवे रबरही फुगणार. म्हणजे सगळे बदलायचे ठरवले तरी कारण आधीच शोधावे लागते. तपासणीला मी खर्च वाचवण्याची युक्ती मानत नाही. ती न करता बसवलेल्या नव्या भागावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

आणि नेमकी जागा शोधण्याचा उपाय आहे. मास्टर सिलिंडरचे पाइप काढून त्याची तोंडे योग्य मापाच्या प्लगने बंद करावीत, आतली हवा काढावी आणि पेडल दाबावे. तरीही पेडल बुडले तर दोष त्यातच आहे. घट्ट राहिले तर पुढे शोधावे. पुढे एकेका होज पाइपला क्लॅम्प लावून कोणते चाक दाब खाते, हेही कळते.

तवंदी घाट

प्लगची चाचणी मला मान्य आहे, झाकणाचा मुद्दाही मान्य आहे. क्लॅम्प मात्र कृपया लावू नका. वीस वर्षांचा होज पाइप चिमटल्यावर बाहेरून जसाच्या तसा दिसतो, पण आतला थर फाटू शकतो. त्याचा पापुद्रा झडपेसारखा आडवा आला, तर पाय उचलल्यावरही त्या चाकाचा दाब सुटत नाही, चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. जी चाचणी स्वतःच नवा दोष निर्माण करू शकते, ती जुन्या गाडीवर करू नये. होज पाइपांपुरता माझा आग्रह कायम आहे: बूस्टरच्या सांध्यात ओल सापडो वा न सापडो, ते बदला, आणि काम पूर्ण होईपर्यंत गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, उचलून न्या.