बाबांची इम्युनोथेरपी आणि जुलाब: वाट बघू का?

प्रश्न: बाबा ६८ वर्षांचे, फुप्फुसाचा कॅन्सर. पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिग्रॅ, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून. दोन डोस झाले. केस शाबूत म्हणून स्वारी खूश होती. परवापासून दिवसाला सहा वेळा जुलाब. आत्या म्हणते, ताकभात द्या, थांबेल.

उत्तर १: वाट बघू नका, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. केमो पेशींना थेट मारते. हे औषध आपल्याच टी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवतं. मग त्या कधीकधी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवरही धावून जातात. माझ्या आईचं असंच झालं. मी शहाणी चार दिवस तांदळाची पेज पाजत बसले! शेवटी स्टिरॉइडने आवरलं. दम लागतोय का, तेही बघा. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी परस्पर आणू नका.

उत्तर २: खर्चाचं काय केलंत? टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये फक्त २० मिग्रॅ निव्होलुमॅब (याच जातीचं औषध) वापरून फायदा दाखवलाय, २०२२ साली.

उत्तर १: तो आजार वेगळा, दादा. आधी जुलाबाचं बघू दे.

प्रश्नकर्ती: फोन केला, लगेच बोलावलंय. रिक्षात आहोत. आत्याने ताकाची बाटली घेतलीच.