अनुभव धागा: स्पॅनिश प्रेमगाण्याचा अर्थ कळला तेव्हा...

हुआन लुईस गेर्राचं 'बुर्बुहास दे आमोर' (१९९०) मला आधी नुसतं चालीवर आवडायचं. 'पेस' म्हणजे मासा, एवढंच कळलेलं. म्हणून भाचीला झोपवताना हेच म्हणायचे, माशाचं गाणं म्हणून! स्पॅनिशच्या बाईंना अभिमानाने सांगितलं, तर त्या हसता हसता खुर्चीत कलंडल्या. त्याला मासा व्हायचंय ते तिच्या काचेच्या भांड्याला नाक लावायला, रात्रभर तिच्यात भिजत जागायला. एक शब्द उघडा नाही, हो! भाचीला आता चांदोबाच.
तुमचंही असं झालंय? लिहा.

*

झालंय की. २०१७ चा गणपती, मिरवणुकीत 'देस्पासितो'. म्हणजे हळूहळू. काय हळूहळू, तर चुंबनं घेत तिचे कपडे उतरवणं. आजी टाळ्यांचा ठेका धरून होत्या. अर्थ माहीत असलेली मी एकटी, गप्प बसले.

*

न्यूयॉर्कला वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहायचे. घरमालकीण डोमिनिकन, सत्तरीची, स्वयंपाक करताना बचाता लावायची, म्हणजे त्यांच्याकडची विरहाची गाणी. गिटार, बाँगो आणि किसणीसारखी खरखरणारी गुइरा. तिच्या लहानपणी याला 'आमार्गे' म्हणत, म्हणजे कडवटपणा. गुत्त्यातलं गाणं, वडील रेडिओच बंद करायचे. मी म्हटलं, आमच्या आजोळी लावणीचं तेच. तिने विचारलं, तुमच्या गाण्यातली बाई काय मागते? शालू, म्हटलं. कधी नथ. ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "आमच्या गाण्यातल्या पुरुषाच्या खिशात काहीच नसतं. म्हणून ती जाते, म्हणून तो रडतो."
त्याच बचाताच्या जोरावर गायक रोमिओ सांतोसने २०१४ मध्ये न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम लागोपाठ दोन रात्री भरवलं. २०१९ मध्ये युनेस्कोनेही बचाताला वारसा म्हणून मान दिला. म्हातारीला दोन्हीचं कौतुक नव्हतं. "आता रडणारे श्रीमंत झालेत," म्हणायची.

*

श्रीमंतीवरून आठवलं. शकीराचं २०२३ चं, संगीतकार बिसारापबरोबरचं गाणं. सोडून गेलेल्याला सुनावते: फेरारी देऊन ट्विंगो, म्हणजे छोटी स्वस्त गाडी, घेतलीस, रोलेक्स देऊन कॅसिओ. मुलींनी घर डोक्यावर घेतलं. आमच्या ह्यांच्या मनगटावर कॉलेजपासूनचं कॅसिओ. "अजून वेळ बरोबर दाखवतं," एवढंच बोलले आणि पेपर उघडला.

*

मी बोटीवर इंजिनिअर होतो. मेक्सिकोत वेराक्रूझला बोट लागली की संध्याकाळी चौकातल्या कमानींखाली बसायचो. मारिंबा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवणारे टेबलाशी येत. 'बेसामे मूचो' तिथेच ऐकलं. ना शालू, ना फेरारी. आजची रात्र शेवटची असल्यासारखं भरभरून चुंबन घे, एवढंच मागणं. कोन्सुएलो वेलास्केसने हे लिहिलं तोवर तिचं कुणी चुंबनही घेतलं नव्हतं, असं तीच सांगायची.
नवीन लग्न झालेलं. घरी पत्र लिहिलं, त्यात गाण्याचं नाव लिहिलं. अर्थ लिहायचा धीर झाला नाही. पुढच्या बंदरात हिचं उत्तर आलं: नावाचा अर्थ काय हो? मामंजींच्या ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना विचारू का?
तार केली. विचारू नकोस.