मुळ्याला फाटे आणि नुसता पाला

पाला गुडघाभर आणि खाली बोटाएवढा, दोन टोकांचा डायकॉन (लांब पांढरा जपानी मुळा), असं तुम्ही लिहिलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

सोटमूळ वाटेत अडलं की फाटे फुटतात: खडा, घट्ट माती, न कुजलेलं शेणखत. रोप उपटून दुसरीकडे लावलं तरी तेच. म्हणून बी जागेवरच टोका, १ ते १.५ सेंमी खोल. डायकॉनला ४० सेंमी भुसभुशीत माती हवी. कुंडी उथळ असेल तर त्याचा नाद सोडून पुसा चेतकी ही मुळ्याची जात लावा. ती उन्हाळ्या-पावसाळ्यातही येते, जपानी व्हाईट या जातीला मात्र थंडीच हवी.

नुसता पाला होतो तो जास्त नत्र, सावली किंवा दाटीमुळे. सगळ्यात जास्त चूक विरळणीत होते, कारण कोवळी रोपं काढायला हात धजत नाही. तीन-चार पानं आली की १० सेंमीवर एकच रोप ठेवा. बाकीची उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारचं मूळ हलत नाही. कापलेल्याची भाजी होतेच.

पाण्यात खंड पडून एकदम भरपूर दिलं तर मुळा तडकतो. चेतकी ४०-४५ दिवसांत काढा. राहिली तर आतून जाळी पडते, म्हणजे मुळा पोकळ होतो.